उर्दू कागद वाचणार कोण?

गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्या मोबाइलवर जुन्या कागदांचे जितके फोटो आले, तितके त्याआधीच्या वीस वर्षांच्या नोकरीत आले नव्हते. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, कडा वाळवीने खाल्लेले कागद. पाठवणारे कुणी कंधारचे, कुणी मुखेडचे, कुणी अहमदपूर-उदगीरकडचे. बहुतेकांना मी ओळखतही नाही. कुणाकडून तरी नंबर मिळालेला असतो. मेसेज साधारण एकच असतो : 'सर, उर्दूत हाय म्हणतेत. आमच्या आज्याच्या नावापुढं काय लिवलंय तेवढं सांगा.'

मी उर्दू शिकवतो आणि मराठीही शिकवतो, त्यामुळे असे फोटो माझ्याकडे येणं साहजिक आहे. पण पाठवणाऱ्यांमध्ये शेख-पठाण थोडे आणि जाधव, शिंदे, कदम, पवार जास्त आहेत. ज्या भाषेला या भागात पंचाहत्तर वर्षं 'मुसलमानांची भाषा' म्हटलं गेलं, त्या भाषेतल्या एका शब्दावर आज मराठा शेतकऱ्याच्या पोराची फी आणि नोकरी अडकून बसली आहे. मला या गोष्टीचं हसू येत नाही. उलट आपण सगळे मिळून काय हरवून बसलो आहोत, ते यात दिसतं.

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत आहे. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी मनोज जरांगे यांचं उपोषण जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. त्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातल्या नोंदींत 'कुणबी' असा उल्लेख सापडला तर मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र कसं द्यायचं, हे तिने ठरवायचं होतं. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी सरकारने जी आकडेवारी सांगितली ती अशी : पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले आणि कुणबी नोंदी निघाल्या साडेअकरा हजारांच्या आसपास. २ सप्टेंबर २०२५ ला, मुंबईच्या आझाद मैदानावरचं उपोषण सुटलं त्या दिवशी, हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. आरक्षण कुणाला मिळावं, कोणत्या कोट्यातून मिळावं, यावर माझी मतं आहेत, पण आज तो विषय नाही. आजचा विषय कागद आहे आणि तो वाचणारा माणूस आहे.

कोणकोणते कागद तपासायचे त्याची यादीच होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. यातले काही मराठीत, काही मोडीत, काही उर्दूत आहेत. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू राजभाषा झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगही उर्दूत शिकवायचे. म्हणजे साठेक वर्षं आपल्या नांदेड-लातूर भागातल्या कचेरीत, कोर्टात आणि शाळेत उर्दूच चालायची. लिहिणारे काय सगळे मुसलमान होते? मुळीच नाही. कारकून, वकील, मास्तर यांत देशपांडे होते, कुलकर्णी होते, देशमुख होते. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. उर्दू-फारसीत ते इतके मुरलेले होते की गालिबची ओळख मराठी वाचकाला ज्यांनी करून दिली त्यांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं. आणि तेच पगडी शिवकालाचे मोठे इतिहासकार. आज दहावीच्या वर्गात मी हे सांगितलं तर दोन्हीकडची मुलं तोंडाकडे बघतात.

मग उर्दू 'त्यांची' कधी झाली? तारीखच सांगायची तर सप्टेंबर १९४८. कासीम रझवी वकिली करायचा ती आपल्या लातुरातच. त्याच्या रझाकारांनी गावोगाव जे केलं ते मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी विसरावं, असं मी कुणाला सांगणार नाही. आणि पोलिस अ‍ॅक्शननंतर इथल्या मुसलमानांवर जे गुदरलं तेही विसरा म्हणणार नाही. पंडित सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांत सगळ्यात जास्त हाल झाले म्हणून सांगितलं, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेडही होते, आणि आजचा लातूर तेव्हा उस्मानाबाद आणि बीदर यांत विभागलेला होता. तो अहवाल लोकांना वाचायला मिळायला साठ वर्षांहून जास्त काळ गेला. या सगळ्यात भाषेचा काय गुन्हा? पण माणसाच्या मनात भाषा, राज्य आणि जुलूम एकात एक मिसळतात. कुलकर्ण्यांच्या घरातली उर्दू पुस्तकं माळ्यावर गेली, पोरांना कुणी शिकवली नाही. एका पिढीतच उर्दू वाचणारा हिंदू मराठवाड्यातून संपला. कचेरीतली कपाटं मात्र तिथेच राहिली.

आता तीच कपाटं उघडली आहेत. आणि इथे आपल्या काळातली मोठी समजूत पुढे येते, ती म्हणजे स्कॅन केलं की काम झालं. लाखो पानं स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढली, हे चांगलंच झालं. कागद सडायच्या आत त्याचा फोटो निघाला. पण फोटो काढणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. एका मुलाने मला एक पान पाठवलं आणि सोबत मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपने केलेलं मराठी भाषांतरही पाठवलं. भाषांतर वाचून मी थक्क झालो. शुद्ध, गोड मराठी, एकही चूक नाही. अडचण एवढीच की त्यातली दोन नावं मूळ पानावर नव्हतीच, आणि पानावरचं एक नाव भाषांतरात नव्हतं. मशीनला वाचता आलं नाही तर ते 'मला येत नाही' म्हणत नाही, अंदाजाने भरून टाकतं. माझ्या वर्गातला कच्चा विद्यार्थी निदान अडखळतो तरी, त्याच्या अडखळण्यावरून मला कळतं की गाडी कुठे रुतली आहे.

उर्दू न येणाऱ्यांसाठी थोडं सोपं करून सांगतो. 'कुनबी' हा शब्द उर्दूत काफ, नून, बे, ये या चार अक्षरांनी लिहितात. शब्दाच्या मध्ये आले की नून आणि बे दोघांचा आकार एकच, एक छोटासा दात. वर टिंब दिलं तर नून, खाली दिलं तर बे. टिंबाला आम्ही नुक्ता म्हणतो. 'खुदा' आणि 'जुदा' यांत फक्त नुक्ता वर की खाली एवढाच फरक असतो, हे उदाहरण प्रत्येक उर्दू मास्तर पहिल्याच महिन्यात देतो. आता कचेरीतला कारकून दिवसाला शंभर नावं लिहिणारा, शिकस्ता म्हणजे पळत्या हाताने लिहिणारा. तो नुक्ते देत बसतो होय? काफची रेघ, दोन दात, येची शेपटी आणि पुढचं नाव. अशा वेळी त्या कारकुनाचा हात ओळखावा लागतो. त्याच पानावर त्याने दुसरीकडे नून कसा काढला, बे कसा काढला, ते पाहावं लागतं. एका शब्दासाठी सगळं पान, कधी सगळी वही वाचावी लागते. लोक मात्र एका ओळीचा कापलेला फोटो पाठवतात आणि पाच मिनिटांत विचारतात, 'सर, बघितलं का?'

तारखांचा घोळ तर वेगळाच. निजामी कागदावर साल असतं फसली. १३४३ लिहिलेलं दिसलं की आमच्यातलाच एखादा शिकलेला माणूस ते हिजरी समजतो आणि १९२४ सांगून मोकळा होतो. खरं तर दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवावे लागतात. वर्ष ऑक्टोबरात आझर महिन्याने सुरू होतं आणि पुढे दै, बहमन, इस्फंदार असे इराणी महिने येतात. म्हणजे १३४३ फसली हे १९३३-३४ झालं. नऊ वर्षांचा फरक पडला की वंशावळीत आजा पणजा होऊन बसतो. जुन्या हिशेबाच्या कागदांत रक्कम सियाक चिन्हांत असते. ती चिन्हं उर्दूचा एम. ए. झालेल्यालाही वाचता येत नाहीत. वेगळी शिकली तरच येतात.

थोडक्यात, हे तज्ज्ञाचं काम आहे आणि तज्ज्ञ उरले आहेत बोटांवर मोजण्याइतके. जे आहेत ते सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या हाताखाली कुणी तयार होतं आहे, असं मला तरी दिसत नाही.

आता आपल्या लोकांना थोडं सांगतो, कारण हा लेख वाचणाऱ्यांत ते जास्त असणार. मराठ्यांची अडचण म्हणून लांबून मजा बघायचं कारण नाही. तेच कागद आपल्यालाही लागतात. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मण्यार या आपल्या बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीच्या यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस तिच्या व्यासपीठावर आला, तेव्हा कुठे आपल्या लोकांना कळलं की सवलत धर्मावर नाही, धंद्याने पडलेल्या जातीवर आहे. पण यादीत जात असून भागत नाही. पडताळणी समितीसमोर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा ठेवावा लागतो. आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात काय असतं? 'मुसलमान'. झालं, विषय संपला. मास्तरने विचारलं नाही आणि आजोबांनी सांगितलं नाही. इस्लाममध्ये जात नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंच आहे. पण पान-तंबाखू विकणाऱ्याच्या नातवाला मेडिकलच्या प्रवेशाला जात सिद्ध करावी लागते, हेही तितकंच खरं.

अशा वेळी त्याच निजामी कागदांत कधीकधी 'पेशा' किंवा 'कौम' या रकान्यात तो शब्द सापडतो. मागच्या वर्षी एक बागवान कुटुंब आणि एक मराठा कुटुंब एकाच आठवड्यात माझ्याकडे आलं, दोघांकडे एकाच तालुक्याचे कागद होते. दोघांनाही एकच शब्द हवा होता, फक्त शब्द वेगळा. मराठा कुटुंबातले काका बागवानांच्या म्हाताऱ्या बाबांना म्हणाले, 'चाचा, तुम्हाला तर उर्दू येत असंल, तुम्हाला काय अडचण?' बाबा म्हणाले, 'कायची येती बाबा, नमाजपुरतं अरबी येतं, बस.' हे उत्तर ऐकून मला जास्त वाईट वाटलं. मुसलमान आहे म्हणजे उर्दू येणारच, हा इतरांचा गैरसमज. आणि अरबी अक्षरं ओळखतो म्हणजे उर्दूचं ऋण फिटलं, हा आपला.

मोहल्ल्यात आज काय चाललं आहे? ज्याची ऐपत आहे तो पोराला इंग्लिश मीडियमला घालतो. ज्याची नाही तो उर्दू शाळेत घालतो आणि चारचौघांत सांगताना लाजतो. घरचे मेसेज रोमन अक्षरांत. 'खैरियत' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्या पोरांना तो उर्दूत लिहायला सांगा, स्वादने लिहायचा की सीनने, असा प्रश्न येईल. त्यात स्वादही नाही आणि सीनही नाही. कीबोर्ड नव्हता ही सबब आता चालत नाही. कधीकाळी उर्दू पेपर कातिब हाताने लिहायचे, १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आला आणि संगणकावर नस्तालीक अक्षरं उमटायला लागली, आज स्वस्तातल्या स्वस्त मोबाइलवरही उर्दू लिहिता येते. तंत्रज्ञानाने आपलं काम केलं. आपण मात्र मुशायऱ्याला वाहवा करायची आणि पोराला अलिफ-बे शिकवायची नाही, असं ठरवून टाकलं आहे.

आणि दुसरी बाजूही सांगतो. उर्दू शाळांतल्या काही मास्तरांना अजून मराठी नीट लिहिता येत नाही. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली तेव्हा आमच्यातच कुरकुर झाली. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, की मराठी येत नसलेला उर्दू मास्तर या जिल्ह्यात अर्धाच उपयोगाचा. कागद वाचायला उर्दू लागते, पण वाचलेलं तहसीलदाराला समजेल असं लिहायला मराठीच लागते.

गेल्या वर्षी भाषेवरून दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. १५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पातूर नगर परिषदेच्या पाटीचा निकाल दिला. पातूर म्हणजे अकोला जिल्ह्यातलं गाव. तिथे नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव आहे, ते काढा अशी मागणी होती. नगर परिषदेचं म्हणणं होतं की १९५६ पासून इथे उर्दू वापरात आहे. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी पाटी कायम ठेवली. भाषेला धर्म नसतो, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, असा त्या निकालाचा सूर आहे. त्यासाठी प्रकरण जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय असं फिरत फिरत दिल्लीपर्यंत जावं लागलं. आणि दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा निर्णय काढला. त्यावर केवढं रान पेटलं ते आपण पाहिलं, २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. तिसरी भाषा कोणती, कितवीपासून, यावर टीव्हीवर महिनाभर चर्चा झाली. मी ऐकलेल्या एकाही चर्चेत कुणी असं म्हटलं नाही की ज्या मराठवाड्यात लाखो माणसं उर्दू-मोडी कागद हातात घेऊन वाचणारा शोधत हिंडत आहेत, तिथल्या मुलांना या दोन लिप्या निदान ऐच्छिक म्हणून तरी शिकवा.

खरं तर हे फार अवघडही नाही. मोडीचे वर्ग पुराभिलेख खातं आणि काही संस्था घेतात, लोक हौसेने जातात. उर्दू लिपीचं तेवढंही नाही. मराठी आणि हिंदी येणाऱ्या मुलाला उर्दू भाषा नव्याने शिकावी लागत नाही. हद्द, दस्तऐवज, तहसील, वसूल, कैफियत, अर्ज, जबाब हे सगळे शब्द त्याच्या घरात आहेतच. त्याला फक्त लिपी शिकायची असते. रोज तासभर दिला तर छापील उर्दू दोन महिन्यांत वाचता येते, हा माझा बाहेरच्या मुलांना शिकवण्याचा अनुभव आहे. पुढे शिकस्ता शिकायला वर्ष लागेल. प्रत्येक तालुक्यातून दहा मुलं तयार झाली, त्यांत पाच मराठी शाळेतली आणि पाच उर्दू शाळेतली असली, तरी काम पुढे सरकेल. वर रोजगारही मिळेल, कारण हे काम अजून पुष्कळ वर्षं चालणार आहे. मशीनलाही शिकवायचं असेल तर आधी ती पानं माणसांनीच बिनचूक वाचून द्यावी लागतील.

एक गोष्ट मनाला लागते ती लिहितोच. २०१४ च्या जुलैमध्ये मराठ्यांना १६ टक्के आणि मुसलमानांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश एकत्रच निघाला होता. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने बाकीचं थांबवलं, पण मुसलमानांचं शिक्षणातलं ५ टक्के चालू ठेवायला मुभा दिली. नव्या सरकारने त्या भागाचा कायदा केला नाही आणि अध्यादेश संपला. त्यानंतर मराठ्यांसाठी रस्त्यावर लाखो उतरले, आपल्यासाठी कुणी उतरलं नाही, आपणही फारसे उतरलो नाही. म्हणून जेव्हा मला कुणी म्हणतं, 'सर, तुम्ही त्यांचे कागद फुकट कशाला वाचून देता?', तेव्हा मला त्याचा राग समजतो. तरी मी वाचून देतो. कागद ज्याच्या आज्याचा त्याला तो कळला पाहिजे, आणि मी मास्तर आहे.

आता ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. ट्रंकेत किंवा माळ्यावर उर्दू, मोडी काहीही सापडलं तर त्याला लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई जाते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही लावू नका. उन्हात न ठेवता, उजेडात, पुढून आणि मागून पूर्ण पानाचा फोटो घ्या. कडेला लिहिलेलं आणि शिक्का त्यात आला पाहिजे, कारण साल बहुतेक वेळा तिथेच असतं. उदगीर, निलंगा, अहमदपूरवाल्यांनी लक्षात ठेवावं की १९५६ च्या आधी हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. लातूर, उस्मानाबादच्या कचेरीत कागद मिळाला नाही म्हणजे तो नाहीच असं समजू नका, बीदरलाही चौकशी करा. आणि मला फोटो पाठवणार असाल तर कापून पाठवू नका, सगळं पान पाठवा. उत्तर रविवारी मिळेल.